गाठीची तार

सकाळपासून कावेरी येता-जाता दुकानातलं बटण खाली-वर करून पाहत होती. वीज दुपारशिवाय येत नाही, हे तेलगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिलाही होतं. पण आप्पा, तिचे वडील, वारल्यापासून तिचे हात तिचं ऐकत नव्हते. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की कुठं जावं ते कळत नसे. घासलेली भांडी ती पुन्हा घाशी. पुस्तक उघडलं की नजर एकाच ओळीवर घिरट्या घाली. औरंगाबादच्या कॉलेजातल्या नोकरीची तिची रजा अजून शिल्लक होती, आणि त्या रजेत करायचं काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आज मात्र करायला काम होतं. म्हणूनच जीव जास्त उडालेला.

दुकान म्हणजे 'सिद्धाराम बॅटरी चार्जिंग'. आप्पांनी उभा जन्म तिथं ट्रॅक्टरच्या, जीपच्या, मोटारसायकलींच्या बॅटऱ्या चार्ज केल्या. गावात टीव्ही आले तेव्हा तर शनिवारी संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून लोक वाड्या-वस्त्यांवरून यायचे. वस्तीवर वीज नव्हती, पण रविवारची मालिका चुकवायची नव्हती. आता ते सगळं मोडलं होतं. बॅटऱ्यांच्या लाकडी फळ्या निघाल्या होत्या, अ‍ॅसिडनं खाल्लेल्या फरशीवर पांढऱ्या टाइल्स बसल्या होत्या आणि भिंतीवर नव्या शंभर सीसीच्या गाडीवर बसलेलं एक हसरं जोडपं आलं होतं. तिच्या धाकट्या भावाला, केदारनाथला, नव्या मोटारसायकलींची एजन्सी मिळाली होती. उद्या उद्घाटन, आणि उद्यापासूनच बीडला 'जुनी द्या, नवी न्या' मेळा.

त्या मेळ्यात पहिली जुनी गाडी म्हणून आप्पांची विलायती आज टेम्पोतून जाणार होती.

विलायती हे तिचं गावानं ठेवलेलं नाव. हैदराबादेत एका निवृत्त अधिकाऱ्याच्या बंगल्यात ती इंग्रजी मोटारसायकल धूळ खात पडली होती. आप्पांनी ती लग्नाच्या आधी आणली. तिच्या आवाजानं बैल बुजायचे. पुढं तिचं एकेक अंग झिजत गेलं आणि शेजारच्या हबीबचाचांच्या लेथवर नव्यानं घडत गेलं. कॉलेजला जायच्या आदल्या उन्हाळ्यात आप्पांनी कावेरीला तिच्यावरच गाडी शिकवली, माजलगावच्या रस्त्यावर. पोरगी फटफटी चालवते म्हणून लोक थांबून बघायचे. मागं बसलेले आप्पा एवढंच म्हणायचे, "रस्त्याकडं बघ. लोक कुठं पळून चाललेत?"

काल संध्याकाळी बहीण-भावाचं यावरूनच वाजलं होतं.

"अक्का, ती लोखंडाची हाय," केदार म्हणाला होता. "आप्पांची म्हणून तिला काय मंदिरात ठेवायची? महिनोन् महिने किक बसली न्हाई तिला. चालंना, हालंना. परवा लोक नवी गाडी बघाया येणार अन् दारात हे धूड."

"चालू झाली तर?"

"कशी होती चालू?"

"झाली तर म्हणते मी."

केदारनं भाकरीचा तुकडा ताटात नुसताच फिरवला. "उद्या टेम्पो येईस्तोवर चालू झाली तर राहू दे. न्हाई झाली तर मला अडवू नको. आईच्या समोर सांगतो." मग हात धुवायला उठता उठता तो म्हणाला, "मला सकाळी शटर उघडल्यावर ती उभी दिसती ना, तर वाटतं आप्पा आत हायेत. मग ते नसतेत. रोज सकाळी नसतेत."

कावेरीनं त्याचं ताट उचलून घेतलं होतं.

आता ती विलायतीच्या शेजारी उकिडवी बसली. गाडीला बाकी काही झालेलं नव्हतं, बॅटरी तेवढी उतरली होती. आणि बॅटरीशिवाय या गाडीत ठिणगीच पडत नसे. बॅटरी सीटखालच्या लोखंडी पेटीत. पेटीचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. दर खेपेला ती उघडावी लागू नये म्हणून आप्पांनी चार्जर लावण्यापुरत्या दोन तारा कायमच्या सीटखालून बाहेर काढून ठेवल्या होत्या. चार्जरच्या क्लिपा त्यांना चिमटवायच्या की झालं.

दोन्ही तारा काळ्याच होत्या. आप्पांच्या दुकानात तांबडी तार कधी नव्हतीच. वीज गेली की अंधारात जोडण्या सोडाव्या लागत, आणि अंधारात तांबडं काय नि काळं काय. म्हणून ते एका तारेला गाठ मारत. बोटांनी चाचपलं की कळायचं. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज धारूरला, केजला स्वतःची दुकानं टाकून बसली होती, तीही तशीच गाठ मारत. गाठ म्हणजे प्लस. कावेरीला हे बाराखडीच्या आधी येत होतं.

"आली का गं लाईट?" दोऱ्यानं बांधलेला चष्मा सावरत हबीबचाचा आत आले. आप्पा आणि ते दोघं मिळून या गल्लीत म्हातारे झाले होते.

"न्हाई अजून, चाचा."

"येईल, येईल. तू असं बटण दाबून दाबून तिला लाजवू नको." ते स्टुलावर टेकले, नव्या पोस्टरकडं बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "हे बघ. हसायलेत कावून एवढं? पेट्रोल फुकट हाय का?"

कावेरीला हसू आलं, आणि हसू आल्याचं तिलाच नवल वाटलं.

वीज आल्याचं पंख्यानं सांगितलं. कोपऱ्यात आप्पांचा हिरव्या पत्र्याचा चार्जर होता. टेम्पोत तोही जायचा होता. कावेरीनं तो ओढत आणला. तारांची टोकं चाकूनं खरवडून तांबं उघडं केलं. लाल क्लिप गाठीच्या तारेला, काळी दुसरीला. चाचांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"बिस्मिल्ला कर."

तिनं बटण दाबलं.

चार्जर नेहमीसारखा गुणगुणला नाही, गुरगुरला. मीटरचा काटा एका झेपेत पार टोकाला जाऊन आपटला. क्लिपेपाशी चरचरून ठिणगी उडाली, चार्जरच्या पोटात फट्ट झालं आणि जळक्या तारेचा वास पसरला.

"बंद कर! बंद कर बे!" चाचांच्या तोंडून निघून गेलं. तिनं बटण ओढलं होतंच.

चाचांनी चार्जरचं झाकण काढलं. "फ्यूज गेला. त्याचं काय, दुसरा टाकू." पण त्यांचा चेहरा उतरला होता. "बेटी, बॅटरीच खलास दिसती. आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या. शॉर्ट हाय म्हणून एवढा करंट ओढला तिनं."

"दुसरी टाकली तर?"

"सहा व्होल्टची आता ठेवतंय कोण? सगळं बारावर गेलंय. बीडला मिळाली तर मिळाली. अन् ते बोल्ट? कापायलाच संध्याकाळ होती."

दारात केदार उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्याची निळी स्कूटर मागं स्टँडला लावलेली होती. त्यानं धूर पाहिला, बहिणीकडं पाहिलं. जिंकल्याचं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं.

"एसटीडीवरून फोन केलता," तो हळू म्हणाला. "टेम्पो निघालाय बीडहून."

कावेरी उठली आणि मागच्या दारानं घरात गेली. माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीत, न्हाणीतून परत. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मनात एकच घोळत होतं, की आप्पा आजारी पडले त्याच आठवड्यात आपण येऊन ही बॅटरी एकदा चार्ज केली असती तर. मग तेही खोटं वाटे. तेव्हा कुणाला बॅटरी सुचणार होती?

"एका जागी बस बाई," दानम्मा, तिची आई, विळीवरून म्हणाली. कपाळावर विभूतीची तीन बोटं, पुढ्यात बटाट्यांची परात. "तुझ्या पायाला काय भिंगरी बांधली?"

"बसते."

बसली नाही. आईनं एक बटाटा चिरला, निरखला आणि अर्धा बाजूला टाकला.

"का टाकलास?"

"हिरवा निघाला. कडू लागतो." दानम्मानं पुढचा बटाटा विळीवर धरला. "तुझा बाप तर चांगले बटाटे हिरवे करून आणायचा. अर्धा घेऊन पळायचा दुकानात अन् आणून ठिवायचा परातीत, गुपचूप. मी आंधळी वाटले त्याला."

कावेरी थांबली. त्या दिवसात पहिल्यांदा तिचे पाय जागच्या जागी राहिले.

बॅटरीवरच्या खुणा पुसून गेलेल्या असल्या, कुठलं टोक कसलं ते कळेना झालं, की आप्पा बटाटा घेत. कापलेल्या अंगात दोन्ही तारांची टोकं खुपसायची आणि वाट बघायची. एका तारेभोवती हिरवट डाग उमटे. तो प्लस. बटाट्याला ते डॉक्टर म्हणत. 'डॉक्टरला बोलाव' म्हटलं की लहानपणी तीच स्वयंपाकघराकडं पळायची.

तिनं परातीतला चांगला, पांढरा अर्धा बटाटा उचलला.

"अगं, भाजीला कमी पडंल!"

"परत आणून देते!"

"हां, हिरवा करून!" आई मागून ओरडली. तिचा आवाज मध्येच फाटला, पण कावेरी तोवर दुकानात पोचली होती.

चाचा चार्जर आवरत होते. तिच्या हातातला बटाटा पाहून त्यांचे हात थांबले.

"डॉक्टर?"

"डॉक्टर."

"पण गाठ तर हाय. गाठ असताना डॉक्टर कशाला?"

"बघू तर. तुमी म्हणता बॅटरी मेली. मेली असली तर डाग पडायचा न्हाई."

तिनं दोन्ही तारांची टोकं बटाट्यात खुपसली आणि तो सीटवर ठेवला. मग तिघं बघत उभे राहिले. केदार घड्याळाकडं, चाचा बटाट्याकडं, आणि कावेरी कुठंच नीट नाही. ती दारापर्यंत गेली, रस्ता पाहिला, परत आली. तारेशी बारीक फेस धरला होता. ती पुन्हा दारापर्यंत गेली.

"अक्का," केदार म्हणाला. "हे बघ."

डाग पडला होता. फिकट, पण हिरवाच. बॅटरीत जीव होता.

आणि हिरवं उमटलं होतं बिनगाठीच्या तारेभोवती.

"उलटं?" चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. "या अल्ला. सिद्धाराम गाठ चुकला?"

"आप्पा?" केदार म्हणाला. "गाठ चुकतील?"

कावेरीनं बिनगाठीची तार दोन बोटांत धरली आणि तिच्या मागं मागं हात सीटखाली घातला. तार पेटीत जात नव्हती. ती वळून फ्रेमच्या एका बोल्टवर आवळलेली होती. गाठीची तार तेवढी पेटीत शिरत होती.

"चाचा, आपल्या गाड्यांना बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक जोडलेलं असतं?"

"मायनस. सगळ्यांना."

"हिच्या बॉडीला प्लस हाय."

चाचांनी स्वतः हात घालून चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "विलायती! जुन्या इंग्रजी गाड्या उलट्या असायच्या, म्हणायचा तो. मी म्हणायचो, साहेबाचं सगळंच उलटं. हसण्यावारी नेलं. लेथवाल्याला बॅटरीचं काय?"

"पण मग गाठ चुकलीच की," केदार म्हणाला.

कावेरीनं मान हलवली. तिला आप्पांचा आवाज आठवत होता, आणि आवाजापेक्षा मनगटावर बसलेली चापट. पाना घेऊन ती दुकानात लुडबुडत असे तेव्हाची. 'गाठीला लोखंड लावू नको. गाठीची तार बॉडीला टेकू देऊ नको.' एवढंच ते म्हणत. गाठ म्हणजे प्लस, असं त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. जी तार बॉडीला टेकली की भडका उडेल, तिला ते गाठ मारत. बाकी सगळ्या गाड्यांत ती तार प्लसच निघायची, म्हणून शिकणाऱ्यांनी आपल्या मनानं तसं धरलं. तिनंही. पाऊण तालुक्यानं.

"आप्पांनी आपल्याला काय लावायचं ते सांगितलंच नव्हतं, केदार," ती म्हणाली. "काय जपायचं तेवढं सांगितलं होतं."

केदारनं तार हातात घेतली. गाठीवरून अंगठा फिरवला. मग चाचांच्या हातातली फ्यूजची तार त्यानंच ओढून घेतली आणि चार्जरच्या पोटात मान घालून बसला. "पकड कुठंय? अशी काय बघतीस? लाईट काय तुझ्यासाठी थांबती का?"

या खेपेला काळी क्लिप गाठीला लागली, लाल बिनगाठीला. कावेरीनं बटण दाबलं आणि डोळे मिटले. चार्जर गुणगुणला. तीच गुणगुण, जिच्यात ती लहानपणी गृहपाठ करत असे. काटा टोकाला न धावता मध्यावर येऊन थांबला.

मग पुन्हा वाट बघणं. तिनं टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, केदारच्या स्कूटरमधलं थोडं घातलं. प्लग पुसला. पुसलेला प्लग पुन्हा पुसला. चाचा म्हणाले, "बेटी, तो आता आरसा झाला." बाहेर कुठलाही हॉर्न वाजला की केदार मान वर करी आणि खाली घाली.

वीज वेळेच्या बऱ्याच आधी गेली. गुणगुण एकदम तुटली आणि त्या शांततेत टेम्पोचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

ड्रायव्हर उतरून दारात आला. तोंडात पान. "केदारशेठ, जुनी कोणती न्यायची? हीच ना? हिला तर चौघं लागतील उचलायला."

"दम धर," केदार म्हणाला.

कावेरीनं क्लिपा सोडल्या आणि तारा सीटखाली सारल्या. हेडलाइट लावून पाहिला. विडीच्या टोकाएवढा तांबूस उजेड. तिनं तो लगेच बंद केला. दिव्यावर घालवावी एवढी श्रीमंती नव्हती. कार्ब्युरेटरवरची कळ दाबली, पेट्रोल बोटांवर ओघळलं. साडीचा पदर खोचला, किकवर पाय ठेवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

काही नाही.

पुन्हा. इंजिननं एक उसासा टाकला, तेवढंच. आणखी एकदा, तर किक उलटी फिरून घोट्यावर बसली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"बाई, लागंल तुमाला," ड्रायव्हर म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. म्हातारं झालं ते."

"तू गप बे," चाचा म्हणाले.

कावेरीनं घोटा चोळला नाही. चोळला असता तर पाय पुन्हा उचलला नसता. ती किकवर चढणार, इतक्यात केदार पुढं आला. त्यानं तिला बाजूला केलं नाही. पलीकडून हात घालून हँडलवरची, ठिणगीची वेळ मागं-पुढं करणारी छोटी कळ अर्ध्यावर आणली, नखभर मागं घेतली, तिथंच धरून ठेवली.

"आप्पा हिला इथं धरायचे," तो म्हणाला. "मी मागं बसून बघायचो. मार आता."

तिनं मारली.

विलायती खोकली, गचकली, आणि मग तो जुना जाडाभरडा आवाज दुकानभर झाला. पोस्टरची सुटलेली कड फडफडली. टाइल्सवर काळा धूर लोळला. मागच्या दारात दानम्मा येऊन उभी राहिली. हातात विळीवरचा बटाटा तसाच होता. ती काही म्हणाली असेल तर ते आवाजात बुडालं.

ड्रायव्हर थुंकून आला. "मग मी काय रिकामा जाऊ का, शेठ? उद्या मेळ्याला काय दाखवणार?"

केदारनं वळून पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली आणि त्याच्याकडं फेकली. "ती निळी स्कूटर ने."

"तुमची?"

"जुनीच हाय की ती पण. पेट्रोल काढून घेतलंय हिनं, ढकलत ने." तो पुन्हा कावेरीकडं वळला. त्याचा हात अजून कळीवर होता. आवाजावर मात करत तो ओरडला, "बंद करू नको! एवढ्याशा चार्जिंगवर परत चालू होणार न्हाई. फिरवून आण!"

"कुठं?"

"कुठं बी! चालतीया तोवर चालव!"

तिनं गाडी स्टँडवरून उतरवली. ती आठवणीपेक्षा जड निघाली. दुकानाच्या पायरीवरून रस्त्यावर उतरताना इंजिन मंदावलं, आणि हेडलाइटच्या डोक्यावरच्या छोट्या मीटरमधला काटा डावीकडं कलंडला. बॅटरी खर्ची पडत होती. तिनं घाईनं अ‍ॅक्सिलेटर पिळला. बाजार मागं पडला, कापसाच्या गाड्या मागं पडल्या, लोक थांबून बघत राहिले. ती रस्त्याकडं बघत होती. वेग वाढला तसा काटा थरथरत उठला, मध्यावर आला आणि उजवीकडं झुकला. आता चालत्या इंजिनवर बॅटरी भरत होती.

समोर बैलगाडी आली, वेग कमी करावा लागला. काटा लगेच डावीकडं घसरला. गाडी ओलांडून तिनं पुन्हा पिळलं. माजलगावचा रस्ता सरळ पुढं गेला होता, दोन्ही बाजूंनी ऊस. कुठं वळायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. काटा उजवीकडं राहील एवढंच ती पाहत होती.